बाथरूमचा उतार

बाथरूमचा उंबरा काढायचा, एवढेच काम होते.

मिस्त्रीने तो उंबरा हातोडीने टकटक वाजवून पाहिला आणि म्हणाला, "होऊन जाईल साहेब." मिस्त्रीला हे एकच वाक्य मनापासून येत असे. साहेबांना ते फार आवडले. आयुष्यभर ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि त्या नोकरीत कोणी कधी त्यांना "होऊन जाईल" म्हटले नव्हते. दुकानदार त्यांना पाहिले की तराजू पुसायला लागत. वसाहतीत राहायला आल्यावर लोक त्यांना इन्स्पेक्टरसाहेब म्हणू लागले, पण मग "पोलिसातला नव्हे, वजनमापांतला" असा खुलासा करावा लागे. तो ऐकून समोरच्याचा चेहरा जरा सैल पडे आणि साहेबांना उगीच वाईट वाटे.

वसाहत फक्त निवृत्त माणसांची होती. बैठी, जोडीजोडीने बांधलेली लहान घरे, प्रत्येकापुढे ओटी आणि रुमालाएवढे अंगण. साहेबांनी घेतलेले घर जुने होते. बाहेरची खोली, झोपायची खोली, स्वयंपाकघर आणि बाथरूम; संपले घर. काकूंच्या, म्हणजे साहेबांच्या पत्नीच्या, गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि त्या बऱ्या होईपर्यंत लेकीकडे राहणार होत्या. येतील तेव्हा हातात वॉकर असेल. बाथरूमच्या दारात चांगला वीतभर उंच उंबरा. साहेबांनी एकट्याने दोन रात्री विचार केला आणि ठरवले, की काकू यायच्या आत हा अडसर घरात राहता कामा नये. काकूंना सांगितले नाही. आल्यावर बघतील.

उंबरा निघाला. जागा सिमेंटने सारखी केली. साहेबांनी खिशातल्या टेपने उगीचच दाराची रुंदी मोजली आणि समाधानाने अंघोळीला गेले. दोन तांबे अंगावर घेतले असतील, बाहेरून मिस्त्रीची हाक आली.

"साहेब, थांबा! पाणी नका घेऊ!"

"का?"

"सगळं बाहेर येतंय!"

साहेब टॉवेल गुंडाळून बाहेर आले. साबणाचे पाणी शांतपणे बाहेरच्या खोलीतून पलंगाखाली निघाले होते. वर्तमानपत्रांचा गठ्ठा त्याने वाटेत भिजवला होता आणि आता ते चपलांच्या दिशेने वळत होते. तेव्हा उलगडा झाला. ज्याने कोणी हे घर बांधले होते त्याने बाथरूमचा उतार दाराकडे दिला होता. पाणी जायचे भोकही दाराशीच, उंबऱ्याच्या पोटात. इतकी वर्षे त्या उंबऱ्याने सगळे पाणी अडवून धरले होते.

"आता?"

"उतार फिरवू. भोक मागच्या कोपऱ्यात नेऊ. दाराकडची बाजू वर घेऊ. होऊन जाईल."

आणि खरोखर झाले. आठवडाभर साहेब शेजारच्या गल्लीतल्या सेक्रेटरींकडे अंघोळीला जात होते. हे सेक्रेटरी म्हणजे वसाहतीच्या कमिटीचे; टॉवेल खांद्यावर टाकून येणाऱ्या माणसाला ते रोज दारातच वसाहतीचे नियम ऐकवत. पण अखेर बाथरूम तयार झाले. पाणी गुपचूप मागच्या कोपऱ्यात जाऊ लागले. फक्त दाराकडची बाजू वर घेतल्यामुळे बाथरूम आता बाहेरच्या खोलीपेक्षा उंच झाले होते. साहेबांनी टेप लावली. जुन्या उंबऱ्यापेक्षा नवी पायरी बोटभर जास्तच भरली.

साहेब बराच वेळ टेपकडे बघत बसले.

"बाहेरची खोली उचलू," मिस्त्री म्हणाला. "जुन्या फरशीवर भर टाकायची, वर नवी फरशी. मग सगळं घर एका पातळीत. काकूंना नुसतं घरंगळत यायचं."

"घरंगळत नको रे बाबा," साहेब म्हणाले.

त्याच संध्याकाळी काकूंचा फोन आला.

"अहो, मी येऊ का या आठवड्यात? पाय आता बरा आहे."

"नको, नको. घाई कशाला? राहा की आरामात."

"तुम्हाला एकट्याला बरं वाटायला लागलेलं दिसतंय," काकू म्हणाल्या.

"तसं नाही गं. घरात थोडं काम काढलंय."

"कसलं काम?"

"छोटंसंच." साहेबांच्या मागे मिस्त्री वाळूचे घमेले रिकामे करत होता. फोन लेकीने घेतला. "बाबा, आई म्हणतेय की तुम्ही काहीतरी लपवताय. तब्येत बरी आहे ना?" साहेब म्हणाले, तब्येत उत्तम आहे. त्या वेळी ते गॅसची शेगडी मांडीशी घेऊन पलंगावर बसले होते. बाकी कुठे टेकायला जागाच नव्हती.

फरशी बसली. ओल्या फरशीवर पाय नको म्हणून मिस्त्री खिडकीतून उतरून घरी गेला आणि साहेब झोपायच्या खोलीत अडकून पडले. सकाळी फरशी खणखणीत वाळली होती. साहेब तिच्यावरून अनवाणी, मोठ्या आनंदाने चालत पुढच्या दारापर्यंत गेले, कडी काढली आणि दार ओढले. दार हलले नाही. पुन्हा ओढले. बाहेरून मिस्त्रीचा आवाज आला.

"जोरात ढकला साहेब!"

"ढकलून काय होणार? दार आत उघडतं!"

"मग ओढा!"

"ओढतोच आहे!"

दार आत उघडणारे होते आणि आतली जमीन आता दाराच्या खालच्या कडेपेक्षा उंच होती. नवी फरशी दाराला छातीने अडवून उभी होती. मागचे दार या घराला नव्हतेच. तेव्हा वजनमापे खात्याचे माजी निरीक्षक लेंगा आवरत खिडकीत चढले, एक पाय बाहेर टाकून बसले आणि दुसरा पाय कसा काढावा याचा विचार करू लागले.

"पोलिसांना बोलवू, की हे घर तुमचंच आहे?"

आवाज जोडघरातून आला. तिथे एक निवृत्त वकीलबाई एकट्या राहत. दोन घरांच्या अंगणांमध्ये कमरेएवढे मेंदीचे कुंपण होते, आणि बाई आपल्या ओटीवर खुर्ची टाकून बसत. वसाहतीत त्यांच्याशी सहसा कोणी बोलत नसे, कारण बोलणे सुरू झाले की उलटतपासणी होई. साहेब राहायला आल्यापासून त्यांना दुरूनच नमस्कार करत आले होते. खिडकीत दोन्हीकडे पाय टाकून बसलेल्या स्थितीतही त्यांनी नमस्कार केला, आणि त्या भरात तोल जाऊन ते मिस्त्रीच्या अंगावर पडले.

दार खालून कापावे लागले. झोपायची खोली आणि स्वयंपाकघर उचलावे लागले, कारण बाहेरची खोली उंच आणि ती दोन्ही खोल राहिली असती. स्वयंपाकघर उचलल्यावर ओटा साहेबांच्या मांडीला लागू लागला, म्हणून ओटाही उचलला. दर वेळी मिस्त्री म्हणाला, होऊन जाईल, आणि दर वेळी ते झाले. हीच तर पंचाईत होती. कुठे काही बिघडले असते तर साहेब थांबले तरी असते.

शेवटी घर आतून असे सपाट झाले की पुढच्या दारातून टिचकीने सोडलेली गोटी कुठे न अडता मागच्या भिंतीपर्यंत गेली असती. साहेब कौतुकाने बाहेर ओटीवर उतरायला गेले. पाय खाली गेला, आणखी खाली गेला, आणि ओटीला लागला तेव्हा कण्यातून कळ मस्तकात पोचली. वळून पाहिले, तर दाराची पायरी जवळजवळ गुडघ्याएवढी झाली होती.

म्हणजे काकू बाथरूममध्ये आरामात जाऊ शकणार होत्या. घरात मात्र जाऊ शकणार नव्हत्या.

"रॅम्प करू," मिस्त्री म्हणाला. साहेबांनी त्याला पहिल्यांदाच हात दाखवून गप्प केले. टेप काढली आणि स्वतः मोजायला लागले. वॉकरला चढ अगदी सौम्य हवा. सौम्य चढ म्हणजे लांब रॅम्प. दारापासून मोजत मोजत ते ओटी ओलांडून अंगणात आले, अंगण संपले, मेंदीला नाक लागले, आणि रॅम्प अजून निम्माच झाला होता. रस्त्याच्या बाजूने वळवावा तर सेक्रेटरी नियम घेऊन उभे. उरली वकीलबाईंची बाजू.

साहेब धुतलेला सदरा घालून गेले.

"मागणी काय आहे?" बाई म्हणाल्या.

"तुमच्या अंगणातून थोडी जागा... रॅम्पला वळण घ्यायचंय. मेंदी थोडी तोडावी लागेल."

"कशासाठी?"

"बायको घरी येणार आहे. वॉकर घेऊन."

"मग घरात काय अडचण आहे?"

"घर उंच झालंय."

"का झालं?"

"बाथरूममुळे."

"बाथरूमला काय झालं?"

"उंबरा काढला."

"कोणी सांगितलं काढायला?"

साहेबांनी सदऱ्याचे बटण चाचपले. मग हळूच म्हणाले, "कोणीच नाही. पाय अडखळून पडली तर, असं वाटलं. इथे दिवसभर मी एकटाच असतो. काहीतरी वाटत राहतं."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "जागा घ्या," त्या म्हणाल्या. "पण अट आहे. माझ्या अंगणातून जो जाईल-येईल त्याने कुठे चाललो ते मला सांगून जायचं. रोज. टाळाटाळ चालणार नाही."

रॅम्प झाला. साहेबांच्या दारातून निघून तो मेंदीच्या फटीतून पलीकडे जाई, बाईंच्या खुर्चीला जवळजवळ खेटून वळे आणि त्यांच्याच फाटकाशी रस्त्याला लागे. साहेब स्वतः त्यावरून फार जात नसत. दूध आणायला निघालो हे सांगितले, की कोणते, किती, कालचे काय झाले, असे निघे. त्यापेक्षा ते गुडघ्याएवढ्या पायरीवरून धप्पकन उडी मारत.

काकू आल्या. लेकीने गाडी बाईंच्या फाटकाशी थांबवली. काकूंनी वॉकर टेकत टेकत रॅम्पवर पाऊल ठेवले. साहेब वर दारात उभे राहून बघत होते, त्यांचे डोळे भरून आले होते. काकू वळणापर्यंत आल्या आणि थांबल्या. बाई काहीतरी म्हणाल्या. काकू काहीतरी म्हणाल्या. मग बाईंनी दुसरी खुर्ची पुढे ओढली आणि काकू चक्क बसल्या. लेक सामान घेऊन वर आली, चहा झाला, लेक गाडी घेऊन परतही गेली, तरी काकू वळणावरच. दिवेलागणीला घरात आल्या.

घर त्यांनी सगळे हिंडून पाहिले. बाथरूममध्ये जाऊन आल्या. साहेब पाठोपाठ.

"कसं आहे?"

"छान आहे हो. एवढं सगळं माझ्यासाठी केलंत?" त्यांनी साहेबांच्या दंडावर हात ठेवला. साहेबांना सगळ्याचे सार्थक झाल्यासारखे वाटले. "फक्त एक आहे," काकू म्हणाल्या. "तिकडे व्यायाम शिकवायला येणारी मुलगी बजावून सांगत होती, सपाट जमिनीवर नुसतं फिरू नका, पाय उचलायची सवय ठेवा. उंबरे ओलांडा, लहान पायरी चढा-उतरा. मी म्हटलं, त्याची काळजी नको, आमच्या बाथरूमला चांगला वीतभर उंबरा आहे."

साहेब खाली वाकून एका फरशीची कड बोटाने चाचपत राहिले.

वकीलबाईंचे घर जसे बांधले होते तसेच होते. दुसऱ्या दिवसापासून काकू सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडे जाऊ लागल्या. बाथरूमच्या उंबऱ्यावरून आत, बाहेर, आत, बाहेर. बाई खुर्चीतून मोजत आणि कामचुकारपणा झाला की हरकत घेत. व्यायामानंतर चहा, चहानंतर गप्पा. पंधरवड्यात वॉकर सुटला, नुसती काठी राहिली. साहेबांचा चहा झाकून ठेवलेला असे.

एका संध्याकाळी अंधार पडला तरी काकू आल्या नाहीत, तेव्हा साहेब रॅम्पवरून खाली गेले. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. आपण या बायकोसाठी आठवडाभर दुसऱ्याच्या घरी अंघोळ केली, असे काहीतरी ऐकवायचे त्यांनी मनाशी जुळवले होते.

"कुठे चाललात?" बाईंनी आतून विचारले.

"बायकोला न्यायला," साहेब तोऱ्यात म्हणाले आणि आत शिरले. इतके दिवस सपाट घरात वावरलेला त्यांचा पाय बाईंच्या दाराच्या उंबऱ्यावर जोरात आपटला. साहेब हात पसरून थेट चहाच्या टेबलापर्यंत गेले.

घोटा मुरगळला होता. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि तीन आठवडे पायावर भार देऊ नका, म्हणून सांगितले. काकूंनी काठी काखेत धरली आणि वॉकर नवऱ्यापुढे ठेवला.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "मी आहे मागे."

वॉकर रॅम्पवर सुरेख चालला. चढ खरोखर सौम्य होता. साहेबांना दमसुद्धा लागला नाही. घरात शिरताना पाय कुठे अडला नाही, बाथरूमपर्यंत ते एका ओळीत पोचले, आणि पाणी मुकाट्याने मागच्या कोपऱ्यात गेले.

"काम मात्र चोख केलंयत हं," काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या. मग त्यांनी टॉवेल आत दिला आणि चहाला पलीकडे गेल्या.