यमूच्या सासरचं छत

माणिकराव कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी हातातली काठी छताला ठोकायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. 'टण्ण' आलं, तर "बोला जी, काय म्हणता?" 'भद्द' आलं, तर अंगणातच बसायचे. दापोडीच्या आमच्या चाळीत बायका त्यांचा चहा बाहेरच नेऊन द्यायच्या.

आमच्या कंपनीच्या कॅन्टीनला पत्रे होते. तिथे ते कधीच जेवले नाहीत. "पत्रा सगळीकडे सारखाच वाजते जी. त्याचा काय भरवसा?" मग डबा घेऊन आंब्याखाली. एकदा डोक्यावर कैरी पडली, तेव्हा अख्खं खातं हसलं. मीही.

त्यांचं तारुण्य चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत गेलेलं. सुरुंग उडाला की आधी छत ठोकायचं, सुटलेला दगड पाडायचा, लाकडी टेकू द्यायचा. "मंग मानसं आत." हे ते रोज सांगत, आणि आम्ही "मंग मानसं!" म्हणून चिडवत असू.

त्यांच्या यमूसाठी मोशीचं स्थळ मीच आणलं. घर बघायला निघताना ते मला बोलवायला आले आणि त्यांची काठी हरवली. हरवली कसली, मीच कपाटामागे सरकवली होती. जमत आलेलं लग्न काठीपायी मोडायला नको, एवढंच मनात. हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मोशीकरांनी नवा स्लॅब टाकला होता. आम्ही आत बसलो. माणिकराव उंबऱ्याबाहेर उभे. हातात पोह्यांची बशी, नजर वर.

"आत या की, पाव्हणं," मुलाचे वडील म्हणाले. "आमचं घर चावतंय व्हय?"

"त्यांना मोकळ्या हवेची सवय आहे," मी घाईने म्हणालो.

"नाही जी," माणिकराव म्हणाले. "यमू माझी नाही. धाकट्या भावाची आहे."

भिंतीला भिंत लावून राहत होतो, पण हे मला ठाऊक नव्हतं.

"खाणीत त्या दिवशी सकाळी मीच छत ठोकलं होतं. पक्कं होतं. मंग सुरुंग उडाला. पुन्हा ठोकाले पाहिजे होतं. मी सकाळच्याच आवाजावर त्याले म्हनलं, जा आत." त्यांनी बशी खाली ठेवली. "आता तिले म्हनाचं आहे."

मुलाचे वडील उठले. गोठ्यातून काठी आणून त्यांच्या हातात दिली. "ठोका. समदं घर ठोका."

माणिकराव कोपरा न् कोपरा ठोकत गेले. कुणी हसलं नाही. स्वयंपाकघरात ओट्यापाशी थांबून त्यांनी मुलाच्या आईला विचारलं, "ती इथंच उभी राहीन ना जी?"

"व्हय."

तिथे त्यांनी पुन्हा एकदा ठोकलं. टण्ण. मग काठी भिंतीला टेकवून ते तिथेच, भर स्वयंपाकघरात मांडी घालून बसले, आणि पोहे मागितले.