माझा पुढचा दात आणि विमा कंपनीचा हात

मी एकदा ठरवलं की ठरवलं! त्या संध्याकाळी सभागृहात बुवांचं कीर्तन होतं आणि सुरुवातीचं पद मी म्हणणार होतो. वर्षानुवर्षं मागे बसून नुसती री ओढत आलेल्या माणसाला बुवांनी स्वतः बोलावून सांगितलं होतं, "पहिलं पद तुमचं." देवानं पुढची रांग दाखवली होती. आता आकाश कोसळलं असतं तरी त्याला टेकू लावून मी गायलो असतो!

आकाश कोसळलं नाही. दात कोसळला.

मी कोट शिवणारा शिंपी. कात्री गळ्यात लटकत असते, पण बटण लावून झालं की दोरा मी दातानंच तोडतो. बायको नेहमी म्हणते, "अहो, कात्री काय दागिना म्हणून घातलीय? दात दाखवून या एकदा. मालकांनी दातांचा विमासुद्धा काढून दिलाय!"

"माझ्या दातांना काय धाड भरलीय?" हे माझं ठरलेलं उत्तर.

त्या सकाळी दोरा नायलॉनचा निघाला. मी हिसका दिला. कट्ट! दोरा जागच्या जागी, आणि वरच्या पुढच्या दाताचा तुकडा समोरच्या कोटाच्या खिशात! मी घाईघाईनं पद म्हणून पाहिलं. म्हणायचं होतं, "देवा, दीनांच्या दारी ये." तोंडातून आलं, "हेवा, हीनांच्या हारी ये!"

शेजारच्या मशीनवरचा कारागीर थांबला. "कोणाला बोलावताय?"

त, थ, द, ध, सगळे त्या फटीतून हवा होऊन निघून जात होते. आणि आमच्या पदांत दुसरं असतं काय? दया, दान, धाव, तार! मी ताबडतोब विमा कंपनीला फोन लावला.

फोनवरची यांत्रिक बाई गोड आवाजात म्हणाली, "आपली तक्रार एका शब्दात सांगा."

"हाह!" मी म्हणालो.

"आपण हसत आहात असं वाटतं. पुन्हा सांगा."

"हाऽह!"

"आपण 'हात' म्हणालात. धन्यवाद."

लगेच खरीखुरी मुलगी बोलायला आली. "बोला काका, काय झालं?"

"मोडला!"

"अरेरे! कुठला?"

"वरचा! डावा!"

"डावा, वरच्या बाजूला," ती स्वतःशी म्हणाली. "पूर्ण मोडलाय का?"

"हुकडा पडला!"

"तुकडा?" तिचा आवाज चिरकला. "काका, तो... तो तुकडा कुठे आहे?"

"कोटाचा खिसा!"

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला. "काका, घाबरू नका! तुम्ही आत्ता काय करताय?"

"बटणं लावणं चालू आहे," मी खरं ते सांगितलं.

त्यावर ती जे "आई गं" म्हणाली, ते माझ्या अजून कानात आहे.

थोड्याच वेळात दारात अँब्युलन्स! दोन धिप्पाड माणसं स्ट्रेचर घेऊन आत धावली. "हात तुटलेले कोण?" मी दोन्ही हात वर केले. "तुम्ही नव्हे हो!" म्हणत ते मला ओलांडून कापडांच्या ढिगात शोधू लागले. तेवढ्यात बायको आली. कंपनीनं तिलाही कळवलं होतं. ती धावत येऊन माझ्या गळ्यातच पडली. इतक्या वर्षांत चारचौघांत कधी हात धरला नव्हता. आता दोन्ही हात धरून रडत होती. मग तिला मोजता आले.

"दोन्ही आहेत की!"

मी ओशाळून हसलो. ती फट तिला दिसली.

"दोरा दातानं तोडलात ना?"

मी मान डोलावली. बोलायची सोय कुठे होती!

अँब्युलन्सवाले सज्जन होते. "आलोच आहोत तर सोडतो," म्हणाले. मी भोंगा वाजवत दातांच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टरीणबाईंनी आरसा घातला. "दोरा तोडून तोडून इथे खाच पडली होती, काका. वर्षातून एकदा दाखवला असता, तर बसल्या बसल्या भरून दिली असती. तपासणी तर विम्यात फुकट होती! आता नस उघडी पडलीय."

"मला संध्याकाळी गायचंय," मी खुणांनी सांगितलं. पेटी, टाळ, आकाशाकडे बोट. त्यांना वाटलं, मी देवाघरी निघालो. बायकोनं उलगडून सांगितलं.

पण कंपनीची मंजुरी हवी होती. डॉक्टरीणबाईंनी फोन लावला, तर पलीकडून उत्तर आलं, "हाताच्या तक्रारीत दाताचे उपचार बसत नाहीत."

बायकोनं फोन हिसकावला. "अहो, हात शाबूत आहेत!"

"म्हणजे हे पेशंट हाताचे नाहीत?"

"नाहीत! हाताबाहेर गेलेले आहेत! दात लिहा. द ला काना, त!"

मंजुरी आली! एका इंजेक्शननं भागेना, दुसरं दिलं. डॉक्टरीणबाईंनी नस शांत केली, त्या खाचेवर नवा पांढरा दात घडवला आणि मी थेट सभागृह गाठलं. पेटी सुरू होती. बुवांनी मान हलवली. मी देवाचं नाव घेतलं आणि सूर लावला.

"देवा, दीनांच्या दारी ये..."

एकेक द खणखणीत! बायकोनं डोळे पुसले. मी जिंकलो होतो! दुसरी ओळ घेतली, "प्रभू, माझ्या मनी बस." तोंडातून आलं, "रऊ, आझ्या अनी अस!"

दोन इंजेक्शनांनी ओठ पार बधिर झाले होते! दंत्य परत आले, तर ओष्ठ्य पळाले! प, फ, ब, भ, म, एकही हजर नाही! पण मी माघार घेणारा नव्हे. डोळे मिटून, मुठी आवळून, देवाला साक्ष ठेवून पद शेवटापर्यंत रेटलं. सभागृहात कुणीतरी हुंदका दिला. मग सगळ्यांनीच ती ओळ उचलली आणि छत दणाणून सोडलं.

बुवा उठून मला कवटाळत म्हणाले, "काय हा भाव! कंठ असा दाटला, की शब्द फुटेनात! आणि मान बघा, किती नम्रतेनं खाली घातलीय!"

मान मी वर करूच शकत नव्हतो. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, आणि ती पुसायला रुमालच नव्हता.