उमरेडकर काकांचा आग्नेय कोपरा

उमरेडकर काका सकाळी फिरायला निघतात तेव्हा त्यांच्या कानांवर हेडफोन, गुडघ्यांना बागकामाचे पॅड, कमरेला छोटं फावडं आणि हातात एक लांब दांडा असतो. दांड्याच्या टोकाला ताटलीएवढी चकती. ती चकती जमिनीला न टेकवता डावीकडून उजवीकडे फिरवत ते चालतात. समोरून कुणी आलं की थांबतात. हेडफोनमुळे आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नाही, त्यामुळे ते गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं ओरडतात, "गुड मॉर्निंग! डू यू नो व्हॉट इज अंडर युवर लॉन?"

आमच्या ओहायोतल्या डब्लिनमध्ये लॉनच्या खाली काय आहे याची कुणाला फिकीर नसते. वरचं गवत हिरवं आणि एका उंचीचं असलं की लोक समाधानी असतात. काकांनी मात्र गल्लीतल्या एकेका घराची बेल वाजवून रीतसर परवानगी मागितली. "पाच मिनिटं फिरतो. नंतर खड्डा दिसला तर माझं नाव बदला." लोकांनी हो म्हटलं. पंच्याहत्तरीचा, नीट भांग पाडलेला माणूस दारात उभा राहून इतक्या अदबीनं विचारत असेल तर नाही कसं म्हणणार?

काका मूळचे नागपूरचे. सिव्हिल इंजिनिअर. आयुष्यभर अमेरिकेतल्या रस्त्यांच्या आणि पुलांच्या मोजण्या करून रिटायर झाले. आम्ही त्यांच्या शेजारच्या घरात राहायला आलो तेव्हा शैलाकाकू पहिल्याच दिवशी साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या होत्या आणि काका त्यांच्या मागून टेप घेऊन. आमचा मेलबॉक्स नियमापेक्षा दीड इंच पुढे आहे हे त्यांनी खिचडी संपायच्या आत सांगितलं. काकू गेल्या त्याला आता वर्ष उलटून गेलं. त्यानंतर काही महिन्यांनी काकांनी जमिनीतला धातू शोधणारं हे यंत्र मागवलं.

सुरुवात फारशी चांगली झाली नाही. पहिल्या दिवशी काका साइटवरचे जुने सेफ्टी बूट घालून पार्कात गेले. त्या बुटांच्या चवड्यात लोखंडी टोपण असतं. चकती पायाजवळ आली रे आली की यंत्र बोंबलायचं. काका खणायचे, काही मिळायचं नाही, पुढे सरकायचे, पुन्हा बोंब. दुपारी दमून आमच्याकडे आले आणि म्हणाले, "सुजाता, ओहायोच्या खाली पूर्ण लोखंडच आहे बाप्पा. कोणाला माहीत कसं नाही?" दुसऱ्या दिवशी बूट ओले होते म्हणून ते प्लास्टिकच्या चपला घालून गेले आणि ओहायोतलं सगळं लोखंड एकदम नाहीसं झालं. हा शोध त्यांनी मला फार हळू आवाजात सांगितला.

मग त्यांनी अभ्यास मनावर घेतला. नवशिक्यानं आधी घरच्या घरी सराव करावा, असं त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. त्याप्रमाणे काकूंच्या मेथीच्या वाफ्यात त्यांनी क्वार्टरचं एक नाणं, एक चमचा, एक खिळा आणि देवघरातलं पितळी निरांजन पुरलं. प्रत्येकाचा आवाज वेगळा येतो, तो कानात बसला पाहिजे. आठवडाभर ते डोळे मिटून वाफ्यावर चकती फिरवायचे आणि मला परीक्षक म्हणून कुंपणापाशी उभं करायचे. "हा चमचा. बरोबर? आणि हे निरांजन." मी आपली हो म्हणायची. मला तरी कुठे ठाऊक होतं!

इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला तर त्यांनी प्रात्यक्षिकच ठेवलं. पार्कचं परमिट काढलं, लाल दोरी बांधून चौकोन आखला. पण जेवणं आटोपल्यावर सगळ्या बायका चौकोनाभोवती वाकून उभ्या राहिल्या. पिकनिक असली म्हणून काय झालं, कुणाच्या हातात पाटल्या, कुणाच्या तोडे, गळ्यात मंगळसूत्रं. यंत्र वेडंपिसं झालं. पडद्यावर जिथं तिथं सोनं. पोरं हातानं माती उकरायला लागली, दोन डॉक्टर त्यांना सामील झाले. शेवटी काका ओरडले, "सोनं घातलेल्या सगळ्यांनी दहा फूट मागे व्हा! मला सोनं शोधू द्या!" बायका मागे सरकल्या आणि चौकोनात सोड्याच्या कॅनच्या सात-आठ कड्या निघाल्या.

या कड्यांचं दुखणं असं की यंत्राला ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी जवळजवळ सारखीच वाटते. त्यामुळे अंगठीच्या आशेनं प्रत्येक कडी खणावी लागते. काकांकडे लोणच्याची मोठी बरणी भरून कड्या आहेत. याखेरीज एक गंजलेला पाना, कुणाच्या तरी कुत्र्याचा बिल्ला आणि जेवायचा एक काटा. पण खड्ड्याच्या बाबतीत मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नाही. गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापायचा, डब्याच्या झाकणासारखा उलटायचा, माती शेजारच्या टॉवेलवर काढायची, काम झालं की शेवटच्या कणापर्यंत परत भरायची, झाकण लावायचं आणि वर पाणी. "या धंद्यात माणसाची इज्जत खणण्यात नसते, बुजवण्यात असते," असं ते येता-जाता ऐकवतात.

त्यांची मुलगी पल्लवी टेक्ससमध्ये, अर्विंगला असते. तिनं मला फोन केला. "सुजाता मावशी, इज ही ओके? बाबा इज लिटरली डिगिंग अप ओहायो." तिला बाबा आपल्याकडे कायमचे यायला हवे होते. काकांनीही हो म्हटलं होतं आणि घर विकायचं ठरलं होतं. मी तिला म्हटलं, अगं, छंद आहे, माणूस चालतो-फिरतो, भूक लागते, असू दे. मला खरंच तसंच वाटत होतं.

पण घर दाखवणारी एजंटबाई येऊन गेली आणि त्यानंतर काका आपल्याच अंगणात उतरले. आता थट्टा राहिली नव्हती. ते रोज दोऱ्या आखून पट्ट्या पाडत, एक पट्टी झाली की दुसरी. चेहरा ओढल्यासारखा दिसायला लागला. जेवायचं विसरायचे. घराला गिऱ्हाईक मिळालं होतं आणि व्यवहार पुरा व्हायला फार दिवस उरले नव्हते. मी एका दुपारी पोळीभाजी घेऊन गेले आणि सरळ विचारलं, "काका, काय हरवलंय?"

ते मागच्या पायरीवर बसले. हेडफोन काढून गळ्यात अडकवले.

"वास्तुपुरुष शोधून राहिलो," ते म्हणाले.

घर बांधलं तेव्हा त्यांनी वास्तुशांत केली होती. ही सगळी गल्ली त्या वेळी मका कापलेलं शेत होती. आमचं घर नव्हतंच. नुसत्या खुंट्या ठोकलेल्या. आठवडाभर इन्शुरन्सच्या ऑफिसात काम करणारे आणि शनिवार-रविवारी पूजा सांगणारे एक गुरुजी आले होते. तांब्याची अंगठ्याएवढी प्रतिमा, एक रुपयाचं नाणं, सुपारी, आणि हे सगळं आग्नेय कोपऱ्यात पुरायचं. तांब्याचा गडू पुरायला काकूंचा जीव होईना, इथं पुन्हा कुठे मिळणार? म्हणून त्यांनी व्हॅनिला आइस्क्रीमचा रिकामा डबा धुऊन आणला. गुरुजींनी जरा विचार करून चालेल म्हटलं. काकांनी होकायंत्र लावून कोपरा मोजला आणि खड्डा खणला. त्यांचा स्वतःचा या कशावर विश्वास नव्हता. त्यांना फक्त कोपरा बरोबर यायला हवा होता.

"विश्वास शैलाचा," काका म्हणाले. "घरात कोणी काही वाकडं बोललं की तिचं सुरू. हळू बोला, वास्तुपुरुष ऐकते आणि तथास्तु म्हणते. पल्लवी हायस्कूलात असताना उठल्यासुटल्या म्हणायची, आय ॲम सो डेड. शैला तिला तिथंच उभी करून वदवून घ्यायची, आय ॲम सो नॉट डेड."

ते हसले आणि मीही हसले. मग ते बराच वेळ फावड्याची माती नखानं काढत राहिले.

"शेवटी शेवटी तिचे पाय फार दुखायचे. तुला माहीतच आहे. कण्हायची. मी दाबत बसायचो, पण काही उपयोग नाही. एक दिवस भावाचा नागपूरहून फोन आला. कसं चालू आहे विचारलं. मी डायनिंग टेबलापाशी उभा होतो. मी म्हणालो, आता सुटली तर बरं होईल." त्यांनी फावडं बाजूला ठेवलं. "त्याच आठवड्यात गेली."

मी म्हटलं, "काका, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं ना."

"हो ना जी. मी इंजिनिअर आहे. मला समजते सगळं. पण समजून काय करू? तिनं आयुष्यभर सांगितलं हळू बोला, आणि मी नेमकं तेच घरात उभं राहून बोललो. मला तो डबा पाहिजे. समोर ठेवून त्याला सांगायचंय, बाबा रे, मला तिचं दुखणं जायला पाहिजे होतं. ती नाही. हे सांगितल्याशिवाय मी घराची किल्ली कोणाला देऊ शकत नाही."

मी त्यांच्यासाठी पोळी वाढली आणि ते ती न बघता खात राहिले. मला त्या वेळी त्यांची इतकी दया आली, आणि इतके दिवस आपण या माणसाची बरणी बघून हसत होतो याचं वाईट वाटलं.

त्यानंतर मीही शोधात उतरले. काकांनी आग्नेय कोपरा दोनदा नव्यानं मोजला आणि दोन्ही वेळा तोच आला. तिथली माती त्यांनी हातभर खोल चाळली. काही नाही. त्यांच्या आणि आमच्या अंगणामधल्या पट्टीवर मात्र चकती नेता येत नव्हती. आमच्या आधीच्या घरमालकानं कुत्रा बाहेर पळू नये म्हणून हद्दीलगत जमिनीत, त्याच्या गळपट्ट्याला झटका देणारी एक तार पुरली होती. तिच्याजवळ गेलं की यंत्र किंचाळायचं, त्यामुळे काका ती पट्टी पहिल्यापासून सोडून देत होते.

मी म्हटलं, "ती तार उपटून टाकू या. आम्हाला कुत्राच नाही."

"तिथं काय असणार? ती तुमची हद्द आहे," काका म्हणाले. तरीही शनिवारी सकाळी मी आणि माझा नवरा मिलिंद तार ओढत होतो आणि काका पुढे पुढे गवत सोडवत होते. तार निघाली, पट्टी मोकळी झाली. काकांनी निव्वळ सवयीनं चकती फिरवली. आमच्या बाजूला, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, हायड्रेंजियाच्या झुडपाच्या बुंध्यापाशी ते थांबले. पुन्हा फिरवली. हेडफोन काढून माझ्या कानाला लावले. अगदी बारीक, खोलवरून आल्यासारखा आवाज होता.

त्यांनी गवत तीन बाजूंनी कापलं. टॉवेल अंथरला. कोपरापर्यंत हात आत गेला तेव्हा फावडं कशाला तरी लागून पोकळ वाजलं. डबा निघाला. झाकण चेपलं होतं, पण व्हॅनिला अजून वाचता येत होतं.

काका डब्याकडे बघत नव्हते. ते मान वळवून आपल्या घराकडे, मग आमच्या घराकडे, मग पुन्हा आपल्या घराकडे बघत होते. मनातल्या मनात काहीतरी मोजत असावेत.

"चुकीच्या खुंटीवरून माप घेतलं," ते म्हणाले. "बाप रे. मी! लोकांच्या हद्दी ठरवून देत होतो मी, आणि स्वतःच्या वास्तुपुरुषाला दुसऱ्याच्या प्लॉटमध्ये ठेवलं."

मिलिंदला हसू आवरेना. तो म्हणाला, "म्हणजे काका, तुमचा वास्तुपुरुष इतकी वर्षं आमचं घर सांभाळत होता."

काका हसले नाहीत. गुडघ्यांवर बसून ते आमच्या खिडकीकडे बघत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, अगदी लहान मुलानं विचारावं तसं, "सुजाता, म्हणजे हा आमच्या घरात नव्हताच?"

"नव्हता, काका."

"मग मी जे बोललो ते यानं ऐकलंच नाही."

"कसं ऐकणार? तो इथं होता," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला आणि मातीच्या हातानं डोळे पुसले, त्यामुळे गालावर चिखल आला. आम्ही दोघंही दुसरीकडे बघायला लागलो. थोड्या वेळानं त्यांनी डबा न उघडताच परत खड्ड्यात ठेवला. मी म्हटलं, काका, अर्विंगला नाही नेणार? ते म्हणाले, "राहू दे. तुमच्याकडे त्याला सवय झाली." माती भरली, गवताचं झाकण लावलं, वरून पाणी घातलं.

मग ते उठले, पॅड झटकले आणि म्हणाले, "मी एक मिनिट तुमच्या घरात येऊ का?"

ते मागच्या दारानं आत आले. चपला बाहेर काढल्या. आमच्या स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. घसा खाकरला. हेडफोन गळ्यात होते, तरी या वेळी त्यांचा आवाज मोठा नव्हता.

"शैला जिथं असेल तिथं तिचे पाय दुखत नसू देत," ते म्हणाले.

आम्ही तिघंही तिथंच थांबलो, कुणीतरी उत्तर देणार असावं तसे. बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं, ते मध्येच बंद पडलं. काकांनी खुर्ची ओढली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "चहा ठेवतेस का, बेटा?"