माधवरावमामांचे दोन पूर्वज गेले

चेन्नईत टी. नगरला खोली घेतली त्याच दिवशी खालच्या मजल्यावरचे माधवरावमामा जिन्यात भेटले. हातात दुधाची पिशवी. नाव नाही, गाव नाही, थेट विचारलं, "पणजोबा कोण तुझे?"

मी हादरले. घरमालकानंसुद्धा फक्त आधार कार्ड मागितलं होतं.

म्हटलं, माहीत नाही. आजोबा दगडू, खडी फोडायचे. त्यांच्या मागचं विचारू नका. आमच्या घराण्यातला जपून ठेवावा असा पहिला कागद म्हणजे माझी इंजिनियरिंगची डिग्री, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

आता मामा हादरले. "अय्यो. मग तू आलीस कोठून?"

"जालन्याहून."

मामा तंजावरकडचे मराठी. त्यांचं कुणीतरी कधीतरी महाराष्ट्रातून इकडे खाली उतरलं. ते कोण, हे शोधणं हाच बँकेतून निवृत्त झाल्यावरचा त्यांचा उद्योग. बैठकीच्या भिंतीवर छतापासून वंशावळ. घराण्यात नातवाला आजोबांचं नाव द्यायचा रिवाज, त्यामुळे वरून खाली सुब्बराव, माधवराव, सुब्बराव, माधवराव असे सात पूर्वज आणि तळाशी, जवळजवळ फरशीला टेकलेले, आमचे मामा. तर्पण करताना लोक तीन पिढ्यांवर थांबतात. मामा दर अमावास्येला सातही जणांना नावानिशी पाणी देत. "कोणी तहानलेला राहू नये, सरि?" हे तमिळ 'सरि', म्हणजे 'बरं', त्यांच्या प्रत्येक वाक्याला लटकलेलं.

रविवारी शोळिंगनल्लूरच्या ऑफिसला सुट्टी, म्हणून मामा मला फिल्टर कॉफी पाजून पूर्वज ऐकवत. एकदा सांगत होते, वरच्या माधवरावांची बायको तुळसाबाई, त्यांनी गावच्या देवळाला घंटा दिली, अशी देवळात नोंद आहे. मधल्या माधवरावांची बायकोही तुळसाबाई, त्यांनीही त्याच देवळाला घंटा दिली, असं जमिनीच्या कागदात आहे.

"घराण्याची शिस्त बघ," मामा म्हणाले.

एकच माणूस दोनदा नोंदला गेलाय का, हे पकडण्याचाच मला ऑफिसात पगार मिळतो. मी विचारलं, "मामा, देवळात घंटा किती?"

मामांनी कॉफी खाली ठेवली. "एक."

मग ते भिंतीकडे वळले. दोन्ही माधवराव एकच. मग त्यांचे वडील, दोन्ही सुब्बराव, तेही एकच. दोन पूर्वज बसल्या जागी गेले. मामा उठले, न्हाणीघरात शिरले आणि डोक्यावरून आंघोळ करून आले. मी बघतच राहिले. जे जन्मलेच नाहीत त्यांचं सुतक?

ओल्या डोक्यानं खुर्चीत बसून म्हणाले, "मग इतकी वर्षं ते पाणी कोण प्यालं?"

मला हसू आवरेना. मामा हसले नाहीत.

"मला मूल नाही. खाली कोणी वाढणार नाही, म्हणून वर वाढवीत होतो. आता वरचेही कमी झाले."

माझी कॉफी तशीच राहिली.

पुढच्या आठवड्यात ऑफिसातून आले तर मामा जिन्यात उभे. हातात नवा मोठा कागद. डोक्याशी थोडी जागा सोडून काळ्या शाईत 'दगडू'. त्याखाली माझ्या बाबांचं नाव. त्याखाली 'सुरेखा, बी. ई.' आणि माझ्याखाली सगळा कागद कोरा.

"मामा, वंशावळीत मुलींना कुठं लिहितात?"

"मी लिहिलं. तुझ्याखाली जागा पुष्कळ ठेवली आहे, सरि? वर मात्र अडलं आहे."

खोलीत जाऊन बाबांना फोन केला. पणजोबांचं नाव विचारल्यावर ते घाबरलेच. कोर्टाचं काही लागलंय का म्हणाले. मग आत्याला विचारून त्यांनी परत फोन केला.

मी तशीच अनवाणी खाली गेले. मामांनी दार उघडलं.

"लिंबाजी," मी म्हटलं.