एव्हरेस्ट भाकड गेली

तुम्हाला सांगतो, माणसाला शहाणं करणं काही कठीण नाही. फक्त म्हशी पाहिजेत!

हसू नका. मी धोंडू घाडी, आरे कॉलनीत एका शेठच्या गोठ्यात मुकादम. हाताखाली नऊ गडी आणि चाळीस म्हशी. शिक्षण म्हणाल तर दुसरीतून जो पळालो तो थेट मुंबईत येऊन थांबलो. पण गेल्या वर्षी, म्हणजे छप्पन साली, आमच्या गोठ्यात प्रौढांचा साक्षरता वर्ग निघाला. सकाळचं दूध गेलं, म्हशी धुऊन झाल्या की दहा वाजता आम्ही दहाजण पाट्या घेऊन पडवीत बसायचो. शिकवायला रत्नप्रभाबाई. वय पंचवीस, अंगाने काडी, आवाज मात्र असा की बाई ओरडल्या की पाटीवर वाकडा काढलेला 'क' आपोआप सरळ व्हायचा! बोरिवलीहून यायच्या. बस चुकली की जंगलातल्या रस्त्याने चालत, हातात छत्री. छत्री कशाला, विचारलं तर म्हणाल्या, "वाघ आला तर!" वाघाची दया आली मला.

तर यंदा मार्च महिन्यात एके दिवशी बाई आल्या आणि खुर्चीत नुसत्या बसून राहिल्या.

"काय झालं बाई?"

"सोमवारी परीक्षा घ्यायला साहेब येणार आहेत. वाचन-लेखन मी बघून घेईन हो. पण तोंडी सामान्यज्ञान विचारणार. देशाचा इतिहास, देशाची प्रगती, चालू घडामोडी. दहातले आठ पास झाले नाहीत तर साहेब तसा शेरा मारणार, वर्ग बंद. आणि माझी नोकरीही."

बाईंच्या घरी म्हातारे वडील आणि दोन धाकट्या बहिणी. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

"बाई," मी मिशीवर हात फिरवला, "दहाच्या दहा पास करतो. धोंडू घाडीचा शब्द!"

बाईंनी वीस प्रश्न आणि वीस उत्तरं लिहून दिली. संध्याकाळपर्यंत गड्यांना त्यातलं एक येईल तर शपथ! दत्ताराम म्हणजे भला माणूस, पण एव्हरेस्टवाल्या तेनसिंगचं नाव दहा वेळा घोटून अकराव्यांदा म्हणाला, "माका काय आठवणा नाय, मामा."

"मेल्या, चाळीस म्हशींची कुंडली तुला पाठ! कुठली कधी व्याली, कुठली किती शेर देते, कुठलीचा कुठला सड बंद. आणि एक डोंगर आठवत नाही?"

एवढं बोललो आणि माझ्याच डोक्यात दिवा लागला!

दुसऱ्या दिवसापासून आम्ही देशाची प्रगती म्हशींवर बसवली. सगळ्यात उंच म्हैस एव्हरेस्ट. एकोणतीस मे त्रेपन्न, तेनसिंग आणि हिलरी. शिंगं हॉकीच्या काठीसारखी वळलेली ती हॉकी, ऑलिंपिकची सहा सुवर्णपदकं. हौदच्या हौद पाणी पिते ती भाक्रा धरण, नदी सतलज. लांबलचक, धापा टाकत चालते ती आगगाडी, अठराशे त्रेपन्न, बोरीबंदर ते ठाणे. लाथ मारणारी सत्तावन्नचं बंड. आणि एक होती, तिच्या जवळ जायला कोणी धजायचं नाही, ती ट्रॉम्बेची अणुभट्टी! अशा वीस म्हशींवर वीस उत्तरं. गडी चारा टाकता टाकता इतिहास म्हणायला लागले. "अरे, सतलजला पेंड दे!" "बंडाच्या मागून जाऊ नको रे!" तीन दिवसांत सगळं तोंडपाठ. बाईंना यातलं काही सांगितलं नाही. म्हटलं, एकदम चकित करू.

सोमवारी साहेब जीपमधून उतरले. नाकाला रुमाल. मी मुद्दाम त्यांची खुर्ची अशी मांडली की साहेबांची पाठ म्हशींकडे आणि गड्यांची तोंडं म्हशींकडे. झकास बेत!

"पहिली आगगाडी कुठून कुठे धावली?"

गड्याने साहेबांच्या खांद्यावरून पाहिलं. "बोरीबंदर ते ठाणे, साहेब. अठराशे त्रेपन्न. सकाळी पाच शेर, दुपारी चार."

"पाच शेर काय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पटकन म्हणालो, "कोळसा, साहेब!"

"पाच शेर कोळशात ठाणं?"

"स्वस्ताई होती तेव्हा!"

साहेब पुटपुटले, पण वहीत खूण केली. बरोबर! पुढचा बाळा.

"अठराशे सत्तावन्नचा उठाव का झाला?"

बाळाने लाथ मारणाऱ्या म्हशीकडे बघत घसा खाकरला. "साहेब, नको तिथे हात घातला की कोणीही बिथरणारच. आधी नुसती शेपूट झटकते... म्हणजे लोक शेपूट झटकतात. ते समजलं नाही तर मग लाथ."

साहेबांनी रुमाल खाली केला. "असंतोष आधीपासून धुमसत होता, असंच ना? वा! स्वतःच्या शब्दांत!"

मी मिशीला पीळ दिला. तिसऱ्याला ट्रॉम्बे विचारलं. "अणुभट्टी, साहेब. गेल्या ऑगस्टात सुरू झाली. फार गरम आहे. मला विचाराल तर लांबूनच नमस्कार करा."

"सुरक्षेचीही जाण आहे!" साहेब बाईंना म्हणाले. बाईंच्या चेहऱ्यावर परीक्षेची बातमी आल्यापासून पहिल्यांदा रक्त दिसलं.

असे सातजण पास झाले, सात! फक्त साहेब जरा अस्वस्थ. जो तो आपल्या खांद्यावरून कुठे बघतो म्हणून दर उत्तराला वळून बघायचे. मागे नुसती रवंथ चाललेली.

आठवा धाकू. "ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीत किती सुवर्णपदकं मिळवली?"

धाकूने मान उंचावली. मग टाचा उंचावल्या. हॉकी खाली बसली होती! शिंगं गव्हाणीआड.

"मामा, दिसत नाही!" धाकू रडकुंडीला आला.

"उठव तिला!" मागून कोणीतरी ओरडलं.

बाई बिचाऱ्या ताडकन उठून उभ्या राहिल्या! साहेबही उभे राहिले. सगळा वर्ग उभा राहिला. बसली होती ती फक्त हॉकी. साहेबांनी धाकूच्या नावावर फुली मारली.

काळजी नव्हती. नववा दत्ताराम, आणि एव्हरेस्ट तर दत्तारामने लहानपणापासून वाढवलेली. साहेबांनी नेमकं तेच विचारलं. "एव्हरेस्टवर प्रथम कोण पोहोचलं?"

दत्तारामने मान वर केली. बघितलं. डोळे चोळून पुन्हा बघितलं. मीही बघितलं. एव्हरेस्टच्या जागेवर कुठली तरी नवीनच ठेंगणी म्हैस! सकाळी आम्ही पडवी झाडत होतो तेवढ्यात शेठचा ट्रक येऊन गेला होता. एव्हरेस्ट महिनाभर आटत चालली होती आणि दूध आटलेली म्हैस शेठ गोठ्यात ठेवत नाही, हे मी विसरलोच होतो.

"घाबरू नका. बोला, एव्हरेस्टवर कोण?"

"गेली हो साहेब!" दत्तारामने हंबरडा फोडला. "ट्रकात घालून नेली! मला न सांगता नेली!"

"एव्हरेस्ट नेली? कोणी नेली?"

"शेठनं! भाकड गेली म्हणून!"

साहेबांनी खिशातून दुसरा रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. बाई डोळे मिटून बसल्या. दुसरी फुली.

राहिलो मी. सात पास, आठवा लागतो. वर्ग माझ्यावर, बाईंची नोकरी माझ्यावर! पण भीती कसली? वीसच्या वीस म्हशी मीच तर बसवल्या होत्या! उभा राहिलो, छाती काढली.

"विचारा साहेब. डोंगर, धरण, अणू, काय पाहिजे ते!"

साहेब पार थकलेले. "जाऊ दे, तुम्हाला सोपा विचारतो. तुम्ही राहता, काम करता ती ही आरे कॉलनी. देशात एवढं नाव आहे हिचं. कोणत्या साली सुरू झाली?"

मी म्हशींकडे बघितलं. पहिलीपासून शेवटचीपर्यंत बघितलं. चाळीस म्हशी, आणि एकीवरही आरे कॉलनी नाही! हॉकी तेवढ्यात उठली, पण आता तिचा काय उपयोग?

"मुकादम?"

"मी आलो तेव्हा होतीच, साहेब!"

कोणी हसलं नाही. साहेबांनी वहीत बरंच काही लिहिलं, सही केली, वही बाईंच्या हातात दिली आणि जीपकडे गेले. जाता जाता म्हणाले, "एकोणपन्नास. एकोणीसशे एकोणपन्नास."

बाई उभ्याउभ्या वाचत होत्या. मी पुढे झालो. "बाई, चूक माझी. साहेबांना अजून गाठतो, पाया पडतो. तुमची नोकरी..."

बाईंनी वही माझ्यापुढे धरली. चेहरा विचित्र, रडतात की हसतात कळेना. "धोंडूमामा, तुम्हीच वाचा. मोठ्याने."

मी बोट ठेवून वाचायला लागलो. गडी भोवती जमले, दत्तारामही नाक पुसत आला.

"वर्गा... तील प्रौढांचे सामान्यज्ञान... बरे आहे. मात्र... मुकादम धोंडू घाडी यांस... आपण कोठे राहतो... याचीही पुरेशी माहिती नाही. सबब... हा वर्ग आणखी एक वर्ष... चालू ठेवणे... अत्यंत... आवश्यक आहे."

गड्यांनी असा आरडाओरडा केला की बंडाने दावं तोडलं! बाई खुर्चीत बसून पदराआड हसत होत्या, डोळे पुसत होत्या, पुन्हा हसत होत्या.

तेव्हा रत्नप्रभाबाईंची नोकरी कोणी वाचवली म्हणून कॉलनीत विचाराल, तर मी छातीवर हात ठेवून सांगतो, धोंडू घाडीने! कशी वाचवली ते मात्र बाईंना विचारू नका. त्या वहीच काढून दाखवतात.