पाचोळा पेटवण्याचे नियम

बाबा कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते, त्यामुळे अंगणातला पाचोळा पेटवायचा म्हणजे घरादाराला ड्युटी लागणार हे ठरलेलंच होतं.

आईचं म्हणणं साधं होतं. "खड्डा खणा, त्यात टाका, खत होईल." पण खणायचं नाव काढलं की बाबांची कंबर दुखायची. शेवटी आईने अट घातली, "पेटवा बापडे! पण पाचोळा सोडून माझ्या घरातलं काहीही जळलं, तर खड्डा तुम्हीच खणायचा. कमरेएवढा."

"मी आहे ना!" असं म्हणून बाबांनी हेल्मेट चढवलं.

ढीग कुंपणापासून लांब रचला. त्यातून प्लास्टिकची पिशवी आणि ताईची गेल्या वर्षी हरवलेली सँडल बाहेर काढली. बोट ओलं करून वारा पाहिला. शेजारच्या मास्तरांना रीतसर कळवलं, "धूर दिसला तर अजिबात घाबरू नका हं!"

ताईच्या हाती पाइप दिला. "ढिगाभोवतीची जमीन भिजव."

"आणि ठिणगी वर उडाली तर?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तराची वाट न बघता ताईने ढिगालाही छान अंघोळ घातली.

आता भरून ठेवलेल्या पाण्याच्या बादलीपाशी माणूस हवं होतं. "अगं, बाहेर ये!"

"गॅसवर बटाटे ठेवलेत!" आतून आईचा आवाज आला.

"ये गं! पेटलेली आग सोडून कुणी हलायचं नाही, हा पहिला नियम आहे!"

"अहो, मीही तेच सांगतेय!"

पण बाबांच्या हाका थांबेनात, तेव्हा आई येऊन बादलीपाशी उभी राहिली.

काड्यापेटी संपत आली. ढीग नुसता फुसफुसत होता. बाबा पालथे पडून फुंकर मारत असताना कुंपणापलीकडून मास्तर म्हणाले, "धूर झकास निघतोय हो."

"कुठला धूर? अजून पेटलंय कुठे?"

"इथला नाही, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतला. तुम्हीच म्हणालात ना घाबरू नका? मघापासून घाबरत नाहीये मी."

तिघंही आत धावले. बाबांनी आधी गॅस बंद केला. बटाट्यांचा कोळसा झाला होता आणि पातेलं आतून-बाहेरून एकाच रंगाचं दिसत होतं.

आई ते पातेलं घेऊन बाहेर आली आणि तिने ते ढिगावर ठेवून दिलं. मग कोपऱ्यातली कुदळ उचलून बाबांच्या हातात दिली.

"पण गॅस तर तूच..."

"पहिला नियम काय म्हणालात मघाशी?"

बाबांनी हेल्मेटचा पट्टा आवळला. "कमरेएवढा म्हणजे कुणाच्या कमरेएवढा?"

आईने ताईकडे बोट दाखवलं. घरात सगळ्यात उंच तीच होती.

मास्तर खुर्ची आणून कुंपणापाशी बसले. जमीन मात्र मऊ लागली. ताईने मन लावून भिजवली होती.