कामात असलेल्या पदवीधरांची टक्केवारी

माणूस शिकला की त्याला काम मिळते. ते मिळाल्याचे सिद्ध करण्याचे काम मात्र शिकवणाऱ्याला मिळते.

वरिष्ठ कार्यालयाकडून आमच्या महाविद्यालयास पत्र आले : गेल्या तीन वर्षांतील कला पदवीधरांपैकी किमान साठ टक्के कामात नसल्यास कला शाखा बंद करण्यात येईल. शाखेबरोबर मीही बंद होणार होतो. मी इतिहास शिकवतो, गेली अकरा वर्षे, तासावर. (म्हणजे घंटा होईपर्यंत मी प्राध्यापक असतो.) त्यामुळे सर्वेक्षणासाठी माझ्याइतका निःपक्षपाती माणूस दुसरा सापडला नाही.

प्राचार्य मोठे काटेकोर गृहस्थ. त्यांनी आधी व्याख्या ठरवून घेतली : फोनवर जो "कामात आहे" म्हणेल, तो कामात आहे. विद्यार्थ्याच्या शब्दावर एवढा विश्वास टाकणारी संस्था विरळाच.

स्टाफरूममधल्या लंगड्या टेबलाशी बसून मी दोनशे जणांना फोन लावायला घेतले. त्र्याऐंशी जण "कामात आहे, नंतर करतो" म्हणाले. (मी विमा विकतोय असा त्यांचा समज झाला असावा, समजाला तक्त्यात रकाना नाही.) एकवीस जणांनी फोन उचललाच नाही, ते जबाबदारीच्या पदांवर धरले. पंधरा जणांच्या आईने "बाहेर गेलाय" असे सांगितले. ती फिरतीची नोकरी. ऐंशी क्रमांक अस्तित्वातच नव्हते. ते परदेशी दाखवावेत, असे हेडक्लार्क म्हणाले, पण प्राचार्यांनी साफ नकार दिला. खोटेपणा त्यांना खपत नाही.

एकशे एकोणीस झाले. हवे होते एकशे वीस, आणि यादीत एकच नाव उरले होते : इतिहासात पहिली आलेली मुलगी. तिने पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"सर! बोला ना, मी मोकळीच आहे."

"अगं, नीट आठव. काहीतरी करत असशील."

"चार ठिकाणी मुलाखती दिल्या, सर. इतिहास म्हटलं की 'छान, छान' म्हणतात आणि चहा पाजून पाठवतात."

"घरात आईला मदत?"

"आई म्हणते, तू हात लावलास की दुप्पट काम होतं."

"मग नुसतं 'कामात आहे' म्हण ना, बाई!"

"पण सर, पुराव्याशिवाय काही लिहायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

मला तिचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. अकरा वर्षांत माझे ऐकलेली ती एकटीच निघाली, आणि तीही नेमकी या वेळी.

मार्ग प्राचार्यांनीच काढला. तिलाच सर्वेक्षण सहायक म्हणून नेमले. (मानद. पगार विचारणे शिष्टाचाराला धरून नाही.) एकशे वीस भरले. शाखा वाचली, मी वाचलो. वरिष्ठ कार्यालय तर इतके खूश झाले, की यंदापासून हे सर्वेक्षण सगळ्या शाखांच्या, सगळ्या वयांच्या पदवीधरांना लागू झाले आहे.

फोन तीच लावते. आपण ही हकिगत इथवर वाचलीत, तेव्हा आपण मोकळे आहात हे उघडच आहे. तिने विचारल्यावर आपण काय सांगणार, ते मात्र आम्ही तक्त्यात आधीच भरून ठेवले आहे.